सातव्या वर्षाची रजा

नोकरीतल्या माणसाचं वय त्याच्या केसांवरून ओळखू नये. त्याला रजेचे किती प्रकार पाठ आहेत यावरून ओळखावं. नवा लागलेला प्राध्यापक फक्त किरकोळ रजा जाणतो आणि ती मित्रांच्या लग्नात उधळून मोकळा होतो. मुलंबाळं झाली की अर्जित रजा आणि वैद्यकीय रजा कळू लागतात. पन्नाशीच्या आसपास नियमांचं पुस्तक हाताशी येतं, आणि मग समजतं की 'असाधारण रजा' म्हणजे जिला पगार नाही ती, आणि 'अनर्जित रजा' म्हणजे जी आपण अजून कमावलेली नाही, पण पुढे कमावू या भरवशावर उसनी मिळते ती. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी न कमावता भोगल्या आहेत, पण तसं उघडपणे कागदावर लिहून देणारी एवढी एकच जागा माझ्या पाहण्यात आली.

याच पुस्तकात एका संध्याकाळी मला सबॅटिकल रजा सापडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ती आहे. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं झालेल्या कायम शिक्षकाला ती मिळू शकते. एका वेळी फार तर एक वर्ष, सगळ्या कारकिर्दीत मिळून दोन. आणि पगार? पूर्ण! हे वाक्य मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. 'मिळू शकते' यातलं 'शकते' तेवढं त्या आनंदात नजरेतून निसटलं.

ही बातमी मी प्रथम शेजारच्या नानांना सांगितली. नानांना थोडं ज्योतिष येतं आणि थोडं कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "साडेसातीची रजा? अहो, मग सात वर्षांवर कशाला अर्ज करताय? अजून सहा महिने थांबा की!"

मी हसलो, पण घरी येऊन शब्दाचं मूळ पाहिलं तर नाना फारसे चुकले नव्हते. सबॅटिकल हा शब्द हिब्रू 'शब्बाथ'वरून आलेला. शब्बाथ म्हणजे थांबणं. सहा दिवस काम करायचं आणि सातव्या दिवशी थांबायचं. आणि ज्यूंचा तो सातवा दिवस म्हणजे आपला शनिवार. जुन्या करारात दिवसांचा हाच हिशेब जमिनीलाही लावला आहे. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी शेत पड टाका. प्राध्यापकांना तो लावला अमेरिकेने. १८८० साली हार्वर्ड विद्यापीठाने ही प्रथा सुरू केली, तेव्हा बाहेरून बोलावून घेतलेल्या ज्या विद्वानापुढे या रजेचं आमिष धरलं होतं, ते चार्ल्स लॅनमन हे संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृतच्या मास्तरला कुणी रजेची लालूच दाखवून पळवून न्यावं, हे मी आमच्या संस्कृत विभागात सांगितलं. तिथे दोन दिवस चैतन्य होतं.

मग मी अर्ज आणला.

अर्जाला बारा रकाने होते आणि तो तीन प्रतींत, योग्य मार्गाने सादर करायचा होता. पहिल्या सहा रकान्यांत मी कोण, हे होतं. ते मी बिनचूक भरलं. सातव्यात 'रजाकाळातील नियोजित कार्यक्रम (महिनावार)', नवव्यात 'अपेक्षित निष्कर्ष' आणि अकराव्यात 'विद्यापीठास होणारा लाभ'. माझी गाडी इथे अडली. मी तत्त्वज्ञान शिकवतो. ज्या विषयात अडीच हजार वर्षांत निष्कर्ष निघालेले नाहीत, त्यातले निष्कर्ष मी पुढच्या मार्चअखेर काढून देणार होतो, आणि ते कोणते हे आजच लिहायचं होतं!

विभागप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काय सांगितलंय? माणूस क्षणभरसुद्धा कर्म केल्यावाचून राहू शकत नाही. आणि तुम्ही एकदम वर्ष मागताय!"

मी म्हटलं, "सर, चौथ्या अध्यायात अकर्माचंही आहे."

"तो चौथा अध्याय तुम्ही ऑफिसला पटवा. मी फक्त पुढे पाठवतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि इतका विचार कशाला करता? सगळे लिहितात तसं लिहा. एक ग्रंथ, दोन शोधनिबंध, एक परिसंवाद. वर्षभरानंतर कोण मोजायला येतंय?"

आता इथे प्रश्न नीतीचा होता, आणि नीतिशास्त्र मी आठवड्यातून चार तास शिकवतो. खोटं बोलणं सर्वथा गैर की परिणाम पाहून ठरवावं, या विषयावर माझी दहा पानी टिपणं आहेत. ती इतकी जुनी आहेत की कडा उडाल्या तेव्हा मी त्यांना प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. त्या टिपणांत कांट आहे, मिल आहे, युधिष्ठिराचा 'नरो वा' सुद्धा आहे. रकाना सातचं काय करावं, एवढंच नाही.

खरं कारण सांगायचं तर फार लहान होतं. काही वर्षांपूर्वी याच टिपणांवरून मी शिकवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे सगळं तुम्हाला स्वतःला पटतं का?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू." पुढचा तास झाला, पुढचं वर्ष झालं, ती मुलगी पास होऊन गेली. तो प्रश्न मात्र अजून मागच्या बाकावर उभा आहे. त्याला खाली बसवायचं तर मला निवांत वर्षभर तरी बसायला हवं होतं. पण हा कार्यक्रम महिनावार कसा द्यायचा? 'जून : बसणे. जुलै : बसणे व पाऊस पाहणे.' पड टाकलेल्या शेताला असं कुणी विचारत नाही. शेतकरी बांधावर उभा राहून 'तुझे अपेक्षित निष्कर्ष काय?' असं म्हणत नाही. जमीन रिकामी राहिली की तिच्यात काही होतं, एवढं त्याला ठाऊक असतं.

एक संशोधनविषय असावा म्हणून मी 'विश्रांती' हाच विषय घ्यायचं ठरवलं आणि वाचायला बसलो. अ‍ॅरिस्टॉटलने माझी बाजू लगेच घेतली. माणूस काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून, असं त्याचं म्हणणं. इंग्रजी 'स्कूल' हा शब्दच फुरसतीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मी खूष झालो. म्हणजे फुरसत मागणारा मीच काय तो खरा शाळेतला, बाकीचे नुसतेच कामावर येतात! पण दोन पानं उलटली आणि आठवलं की अथेन्समधल्या त्या फुरसतीखाली गुलाम राबत होते. तत्त्वज्ञ बसायचे, कारण पाणी दुसरा कुणी आणायचा.

त्यानंतर मला आमच्या कोकणातले शनिवार तेली भेटले.

अलिबागच्या आसपासच्या गावांतून राहणारे बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत. मराठी बोलत, आडनावाला गावाचं नाव आणि 'कर' लावीत. एरवी चारचौघांसारखेच. फक्त शनिवारी त्यांचा घाणा बंद. कुणी राजा आला तरी बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. पण या नावाची मला मोठी गंमत वाटली. माणसाला नाव पडतं ते तो काय करतो यावरून. सोनार, कुंभार, मास्तर. इथे एका समाजाला नाव पडलं ते तो आठवड्यातून एक दिवस काय करत नाही यावरून! आणि त्यासाठी कुणी तीन प्रतींत अर्ज केला नव्हता.

घाणा बंद म्हणजे नुसता तेली घरी बसला असं नव्हे. घाणा थांबला म्हणजे बैलही थांबला. त्यांच्या धर्माची आज्ञाच तशी आहे. त्या दिवशी तू थांब, तुझा चाकर थांबू दे, दासी थांबू दे, बैल आणि गाढवही थांबू देत. सातव्या वर्षाचा नियमही तसाच. पड टाकलेल्या शेतात आपोआप जे उगवेल ते मालकाने कोठारात भरून ठेवायचं नाही. ते चाकराचं, मजुराचं, गरिबाचं, परक्याचं, रानातल्या जनावराचंही. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-लोण्याने चोळतात. ते वर्षातून एकदा; शनिवार तेल्याच्या बैलाला मात्र दर आठवड्याला पोळा!

इथपर्यंत वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. कारण मी वर्षभर थांबणार, पण माझा घाणा? तो थांबणार नव्हता. माझे आठवड्याचे तास कुणीतरी घेणारच होतं. आणि ते कोण घेणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या विभागात एक तरुण सर तासिका तत्त्वावर येतात. नेट झालेले, पीएच. डी. झालेले, टिपणांना प्लॅस्टिकचं कव्हर नसलेले. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. न झालेल्या तासाचे मिळत नाहीत. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, विद्यार्थी न आलेला दिवस, सगळं त्यांच्या खिशातून. मला रजेचे डझनभर प्रकार पाठ आहेत. त्यांना एकच माहीत आहे आणि तिचं नाव खाडा.

मी त्यांना कँटीनमध्ये गाठलं आणि माझी सगळी नैतिक अडचण सविस्तर सांगितली. अथेन्स सांगितलं, घाणा सांगितला, बैलही सांगितला. मग बैल नको होता सांगायला, असं वाटलं. शेवटी म्हणालो, "तेव्हा ही रजा मी घेऊच नये, असं मला वाटू लागलंय."

त्यांच्या हातातला वडा तसाच राहिला. "असं नका करू सर! तुम्ही रजा घ्याच. तुमचे तास मला मिळाले तर महिन्याला तेवढे जास्त येतील. मी घरी सांगूनसुद्धा ठेवलंय."

आता बोला! त्यागाचा एवढा सुंदर मोका माझ्याकडे चालून आला होता आणि त्या त्यागाची किंमत दुसऱ्याच्या घरच्या किराण्यातून जाणार होती. रजा घेतली तर मी पूर्ण पगारावर बसणार आणि ते माझंच काम तासावारी करणार. नाही घेतली तर माझं मन स्वच्छ आणि त्यांचा डबा रिकामा. कांट उघडला, मिल उघडला. युधिष्ठिराकडे जाण्यात अर्थ नव्हता. त्याच्याही गळ्याशी असंच काही आलं तेव्हा तो हळू आवाजात बोलला होता.

मी चहा मागवला. थोड्या वेळाने विचारलं, "वर्षभर माझी टिपणं वापराल?"

ते संकोचून म्हणाले, "राग मानू नका सर, पण मी माझीच वापरीन. मुलं फार प्रश्न विचारतात."

त्या रात्री मी अर्ज भरला. रकाना सातमध्ये काय काय वाचणार ते लिहिलं आणि उरलेल्या महिन्यांपुढे 'विचार करणे' असं लिहिलं. रकाना नऊ, अपेक्षित निष्कर्ष : 'आज सांगता येत नाही.' रकाना अकरा, विद्यापीठास होणारा लाभ : 'एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर, मिळाल्यास.' आणि सोबत एक वेगळा कागद जोडला. माझ्या रजेच्या काळात माझं काम जो करील त्याला ते तासांवर मोजून देऊ नये. वर्षभराची, सुट्ट्यांसकट पूर्ण पगाराची नेमणूक द्यावी, अशी विनंती.

ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी तो कागद उलटसुलट पाहिला. "सर, हा कशाला? रजेच्या अर्जात दुसऱ्याच्या पगाराचा रकाना नाही."

"नाही म्हणूनच वेगळा जोडलाय."

"अहो, तुम्ही तुमचं मागा ना! यानं तुमचीही फाईल अडकेल." हे ते अगदी माझ्या भल्यासाठी बोलत होते. मी क्षणभर चुळबुळलो, हे इथे नमूद केलं पाहिजे. हात त्या कागदाकडे गेलाही होता. पण भाऊसाहेबांनी तेवढ्यात सवयीने टाचणी मारली आणि माझी नैतिकता टिकली.

दोन महिने झाले. मंजुरीही नाही, नामंजुरीही नाही. तरुण सर रोज भेटले की भुवया उंचावून विचारतात, मी मान हलवतो. त्या वेगळ्या कागदाबद्दल मी त्यांना अजून बोललेलो नाही. काही झालं तर सांगीन. न होणाऱ्या गोष्टीची आशा लावणं हेही एक प्रकारचं खोटंच.

मागच्या आठवड्यात मात्र ऑफिसचं पत्र आलं. वेगळ्या कागदाचा त्यात उल्लेख नव्हता. एवढंच होतं : 'आपल्या अर्जातील रकाना क्र. ९ मध्ये "आज सांगता येत नाही" असे नमूद आहे. तरी केव्हा सांगता येईल, ते उलट टपाली कळवावे.'

मी उत्तर लिहिलं, 'रजा संपल्यावर.' आणि त्याखाली, 'सोबतच्या स्वतंत्र विनंतीबाबत काय झाले, ते कृपया कळवावे.'

हे पत्र स्वतः नेऊन द्यावं, पोच घ्यावी, म्हणून मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. ती उभ्या उभ्या मंजूर झाली. तिच्या अर्जात एकच रकाना असतो, कारणाचा. त्यात मी नेहमीप्रमाणे 'घरगुती काम' असं लिहिलं. दाराबाहेर आल्यावर लक्षात आलं की तेही खोटंच होतं.