अविश्वास कशाचा?

माझा पुतण्या रशियातून डॉक्टर होऊन पवनारला परतला, आणि चाळणी परीक्षेत दोनदा अडला. १८८६ साली फिलाडेल्फियाला एम.डी. झालेल्या आनंदीबाई जोशींना कोल्हापूर संस्थानाने पदवीवर विश्वासून अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमले होते. २००२ पासून रीत निराळी : ३०० पैकी १५० गुण हवेतच. प्रश्न रोग्याच्या जिवाचा. तेव्हा परीक्षेला माझी हरकत नाही. पण पुढे अमेरिका, इंग्लंड आदी पाच देशांत पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना तीतून सूट मिळाली. मग हा अविश्वास हाताचा, की मुलखाचा? पुतण्यापाशी मी हे बोलत नाही. परवा धाम नदीच्या काठी छातीत कळ आली, तेव्हा मनगट मात्र मुकाट्याने त्याच्याच हाती दिले.