काळजी करणे आणि काळजी घेणे

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप हे गाव लागते. तेथील एका परिचित शेतकऱ्याच्या घरी आम्ही एका उन्हाळ्यात गेलो होतो. तिसरी कूपनलिका कोरडी गेली होती, पतपेढीची नोटीस आली होती, घरधन्याला आठ दिवस धड झोप नव्हती. बोलताना त्याचे हात थरथरत. आम्ही सवयीने बोलून गेलो, "काळजी करू नका." तो हळूच म्हणाला, "फादर, मी नाही केली तर कोणी करायची?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. धर्मगुरूवर असे प्रसंग वरचेवर येतात. प्रवचनात मात्र आम्ही ते सांगत नाही.

भय वाटले की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते. नाडी धावते, श्वास उथळ होतो, खांदे ताठरतात. 'शांत हो' अशी आज्ञा हृदय ऐकत नाही. श्वास मात्र थोडाफार आपल्या स्वाधीन आहे. उच्छ्वास सावकाश लांबवला की नाडीही मंदावते. लुचानो बर्नार्डी या इटालियन वैद्यकतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींना लॅटिनमधील 'नमो मरिया' आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणावयास लावून त्यांचे श्वसन व हृदयाची लय तपासली. दोहोंच्या वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. हा लेख २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धी प्रार्थना एकाने, अर्धी इतरांनी म्हणावयाची, या आपल्या रीतीतच तो संथपणा आहे. अर्थात, मालिका सुरू होण्यापूर्वी उरकलेल्या जपमाळेत तो कोठून येणार!

हे ऐकून एका भाविक भगिनीने आम्हाला दुखावल्या स्वरात विचारले, "म्हणजे आमची जपमाळ ही एक गोळीच का?" प्रश्न रास्त होता. आम्हास वाटते, प्रार्थनेने फुप्फुसांना विसावा मिळाला तर प्रार्थना उणी होत नाही. ज्याने आत्मा दिला त्यानेच फुप्फुसेही दिली आहेत. उलट, जपमाळ करूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल तर डॉक्टरांकडे जाण्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

आमची खरी अडचण निराळी आहे. काही भये खरी असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. पुढे सुट्टीत सोलापूर जिल्ह्यात आलो, तर भूकंपाचा फटका न बसलेल्या गावांतही माणसे उघड्यावर झोपत होती. "घाबरू नका, घरात जा," असे आम्हीही तरुणपणाच्या आवेशात सांगितले. परंतु किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून. तशीच घरे येथेही होती. बाहेर झोपणारे भित्रे नव्हते. धरणीकंपाचे धक्के अधूनमधून चालूच होते आणि त्यांचे भय आमच्या धीरापेक्षा शहाणे होते. त्यांना आमच्या उपदेशाहून शेजारच्या बाजेवरील माणसाचा आवाज अधिक उपयोगी पडत होता.

म्हणून दुसऱ्यास शांत करण्यापूर्वी आम्ही स्वतःला विचारू लागलो आहोत: त्याची व्यथा हलकी व्हावी म्हणून हे चालले आहे, की तिचा आपल्याला होणारा त्रास थांबावा म्हणून? गेथसेमनी बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला होता. मित्रांकडे त्याने सांत्वनाचे शब्द मागितले नाहीत. आपल्यासोबत जागे राहा, एवढेच मागितले. आणि तेवढेही त्यांना जमले नाही.

मंद्रूपला त्या संध्याकाळी आम्ही बाजेवर त्याच्या शेजारी बसलो. काही वेळ दोघेही सावकाश श्वास सोडत राहिलो. त्याला ते जरा हास्यास्पद वाटले असावे. हाताची थरथर कमी झाल्यावर त्याने ट्रंकेतून नोटीस आणली. ती त्याने अजून पूर्ण वाचलीच नव्हती. चष्मा लावून आम्ही ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागलो. सूनबाई दाराशी येऊन ऐकत उभी राहिली.