जपणें म्हणजे काय?

नव्या यंत्राला जपावें, हा उपदेश सर्वसंमत आहे. पण जपणें म्हणजे काय, असें क्वचितच कोणी विचारतो. बिनतारी नियंत्रणानें धांवणाऱ्या छोट्या मोटारीचें नायट्रो इंजिन घ्या. त्याचा क्रोमियमचा मुलामा दिलेला पितळी सिलिंडर वरच्या टोंकाला किंचित् निमुळता असतो. थंड असतां ॲल्युमिनियमचा दट्ट्या तेथें आवळला जातो. माथा तापून फुगला, म्हणजेच दोघांचें जुळतें. मेथॅनॉल व नायट्रोमिथेन यांत मिसळलेलें तेल हेंच येथें वंगण. म्हणून पहिल्या कांहीं टांक्या मिश्रण गाढ ठेवून जाळतात, आणि तें योग्यच आहे. परंतु गाढ मिश्रणानें इंजिन थंडही राहतें. अतिदक्ष मालक त्याला तासभर मंद गुरगुरत ठेवतो व स्वतःस दयाळू समजतो. आंत मात्र दट्ट्या फेऱ्याफेऱ्याला खरवडला जात असतो! माथा सुमारें ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापूं दिलाच पाहिजे; जाणते लोक तर सुरू करण्यापूर्वींच त्याला बाहेरून ऊब देतात. मग त्या मालकाची दया इंजिनावर होती, कीं स्वतःच्या भित्रेपणावर? मुलांना ऊन लागूं न देणाऱ्या आईबापांनाही हें विचारतां येईल. इंजिनाच्या माथ्यावर निदान उष्णतामापक धरतां येतो. आईबापांजवळ तसें साधन नाहीं.