पाणी मोजले, पुढे काय?



अबू धाबीजवळील खलिफा सिटीत नदी नाही. नळाला समुद्राचेच गोडे केलेले पाणी येते. समुद्र बिघडला तर पिणाऱ्याचेच नुकसान, म्हणून त्यावर नजर ठेवणे भागच. आपल्या कुंडलिकेचे तसे नाही. धाटावचे कारखाने वर, रेवदंड्याच्या खाडीवर पोट भरणारा कोळी खाली. सोडणारा एक, भोगणारा दुसरा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत रोहा ते साळाव हा पट्टा प्रदूषित म्हणून नोंदला गेला. पण मोजणे म्हणजे राखणे नव्हे. आकडा खालच्याला कळला आणि वरच्याला जाब द्यावा लागला, तरच तपासणीला अर्थ. तो जाब विचारण्याचे कर्तव्य गाव सोडून दूर आलेल्या आपल्यालाही चुकत नाही.