देणगी आणि वर्गणी

जगातील काही अतिश्रीमंत माणसे आपल्या संपत्तीचा मोठा भाग गोरगरिबांच्या आरोग्यावर खर्च करतात. कोणाच्या पैशातून लस येते, कोणाच्या पैशातून हिवतापाचे औषध येते. अशा माणसांविषयी आपल्या वस्त्यांतून दोन तऱ्हेचे बोल ऐकू येतात. एक जण म्हणतो, "एवढा पैसा असून गरिबाला देतो, तो माणूस नव्हे, देवच!" दुसरा म्हणतो, "फुकट कोण देतो? लशीत काहीतरी घालून आपली पिढी संपवण्याचा डाव आहे." पहिला हात जोडतो, दुसरा दार लावून घेतो. पण हिशेब मात्र दोघांपैकी एकही विचारत नाही.

ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागले, त्या समाजाने दात्याकडे कोणत्या नजरेने पाहावे? हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. हा मनाचा आणि मानाचा प्रश्न आहे. म्हणून तो नीट तपासून पाहिला पाहिजे.

एकाच हाताच्या दोन बाजू

अमेरिकेतील तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांचे उदाहरण घेऊ. १९०९ साली त्यांनी आपल्या देशाच्या दक्षिण भागातील अंकुशकृमीचा रोग हटविण्यासाठी दहा लाख डॉलर दिले. हा कृमी अनवाणी पायांतून शरीरात शिरतो, रक्त शोषतो आणि माणसाला निस्तेज करतो. गरीब शेतमजुरांची मुले 'आळशी' म्हणून हिणवली जात होती; ती आळशी नव्हती, आजारी होती. रॉकफेलरांच्या पैशातून त्यांची तपासणी झाली, औषधे मिळाली, संडास बांधण्याची शिकवण मिळाली. पुढे १९१३ साली स्थापन झालेल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत पीतज्वराची लस तयार झाली आणि त्या कामाबद्दल मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याची आजची राष्ट्रीय विषाणू संस्थाही १९५२ साली याच फाउंडेशनच्या सहकार्याने सुरू झाली.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलरांची तेल कंपनी मक्तेदारीच्या गुन्ह्याखाली मोडून टाकली. त्यांना आपल्या फाउंडेशनसाठी देशाच्या संसदेची सनद हवी होती, ती संसदेने दिली नाही. अखेर न्यूयॉर्क राज्याकडून ती घ्यावी लागली. आणि २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडो राज्यातील लडलो येथे, रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातील कोळसा कंपनीच्या संपकरी मजुरांच्या तंबूंवर सैनिक व कंपनीचे पहारेकरी तुटून पडले. तंबूंना आग लागली. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले मरण पावली.

आता सांगा, हा माणूस देव की राक्षस? मी म्हणतो, हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते असे की, ही संपत्ती कोणाच्या श्रमातून आली आणि ती परत करताना तिला नाव कोणते दिले? हे आपल्याला कोणी शिकवायला नको. येसकर पाळीची भाकरी ही आपल्या वाडवडिलांच्या राबण्याची मजुरी होती. गावाने तिला उपकार म्हटले. मजुरीला भीक म्हणवून घेण्याचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांना दानाच्या मागे दडलेला हिशेब लवकर दिसायला हवा.

आजचे दाते

आजच्या काळात हेच चित्र बिल गेट्स यांच्या रूपाने समोर येते. त्यांच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीवर १९९८ साली अमेरिकन सरकारने मक्तेदारीचा खटला भरला. २००० साली कंपनीने कायदा मोडल्याचा निर्णय झाला आणि २००१ साली अपिलातही त्यातील मुख्य भाग कायम राहिला. याच २००० साली गेट्स फाउंडेशन आकाराला आले. गरीब देशांतील मुलांना लस मिळावी म्हणून 'गावी' नावाची संस्था उभी राहिली, तिला या फाउंडेशनने ७५ कोटी डॉलर दिले. या कामातून असंख्य मुलांचे प्राण वाचले हे नाकारणे हा कृतघ्नपणा होईल.

पण थोडे पुढे पाहू. जागतिक आरोग्य संघटना ही सर्व राष्ट्रांची संस्था. तिच्या एकूण खर्चापैकी सभासद राष्ट्रांच्या ठरलेल्या वर्गणीतून कित्येक वर्षे एक पंचमांशाहूनही कमी रक्कम येत होती. बाकीची रक्कम ऐच्छिक देणग्यांची, आणि त्यातील बरीचशी 'याच कामासाठी वापरा' अशा अटीवर दिलेली. मोठ्या देणगीदारांत गेट्स फाउंडेशनचे नाव अगदी वरचे. म्हणजे कोणत्या रोगाकडे आधी पाहायचे, हे ठरविण्यात ज्याला कोणी निवडून दिले नाही अशा माणसाचा वाटा मोठा. तो भला असेलही. पण भल्या सावकाराच्या हाती गावकी दिली, तरी ती सावकाराचीच गावकी होते.

संशयाची किंमत

म्हणून काय लशीला नकार द्यायचा? मुळीच नाही. अंध संशयाची किंमत दाता देत नाही, गरिबाचे लेकरू देते.

२००३ साली नायजेरियातील कानो राज्यात पोलिओ डोसांमुळे मुली वांझ होतात अशी अफवा उठली आणि मोहीम बंद पडली. तेथील पोलिओचा विषाणू पुढे येमेन व इंडोनेशियापर्यंत पोहोचला. तेथील लोक मूर्ख नव्हते. त्याच कानोत १९९६ साली मेंदूज्वराच्या साथीत फायझर कंपनीने आपले नवे औषध लहान मुलांवर तपासले होते. पालकांची संमती नीट घेतली नव्हती असा आरोप झाला आणि २००९ साली कंपनीला राज्याशी तडजोड करावी लागली. एकदा फसवणूक झाल्याची भावना रुजली की चांगले औषधही विषासारखे वाटू लागते. पण त्या रागाची शिक्षा ज्याने काही केले नाही त्या बालकाच्या पायांना मिळाली.

आपल्या देशातही अशाच अफवा उठल्या होत्या. तरी १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. या यशाचे श्रेय कोणाचे? परदेशी दात्यांनी मदत केली हे खरे. पण मोठा खर्च भारत सरकारने, म्हणजे काडीपेटीवरसुद्धा कर भरणाऱ्या आपण सर्वांनी केला. आणि लशीचा डबा खांद्याला अडकवून उन्हातान्हात घरोघर फिरले ते साधे कर्मचारी, त्यांत बायाबापड्या अधिक. दात्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो, त्या बाईचे नाव कोठेही येत नाही. आपली कृतज्ञता तिच्या दारापर्यंतही पोहोचली पाहिजे.

भक्तीची किंमत

संशयाला जशी किंमत आहे तशी भक्तीलाही आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. 'पाथ' ही अमेरिकन संस्था तो चालवीत होती, पैसा गेट्स फाउंडेशनचा होता आणि सरकारी यंत्रणा सोबतीला होती. यातील अनेक मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुली मरण पावल्यावर २०१० साली प्रकल्प थांबला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशी समितीला आढळले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लसही उपयोगी आहे. पण समितीला दुसरेच काही आढळले. खम्ममच्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या सह्या नव्हत्या. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी व मुख्याध्यापकांनीच सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून ही गोष्ट मला झोंबते. आईबाप निरक्षर आहेत, त्यांना काय कळणार, गुरुजींनी सही केली की झाले! ही वृत्ती आम्हा शिकलेल्यांतही शिरते. काम चांगले असले म्हणजे विचारण्याची गरज नाही, असे ज्या दिवशी आपण मानतो, त्या दिवशी समोरचा माणूस आपल्या लेखी माणूस राहत नाही, तो 'लाभार्थी' होतो.

कृतज्ञतेची मर्यादा

कृतज्ञतेलाही मर्यादा असते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले आहे. थोरांच्या सेवेबद्दल कृतज्ञ असण्यात गैर नाही, पण स्वाभिमान, शील आणि स्वातंत्र्य यांचा बळी देऊन कोणी कृतज्ञ राहू नये, असा डॅनियल ओ'कॉनेल या आयरिश पुढाऱ्याचा दाखला त्यांनी दिला होता. हा विचार त्यांना अनुभवाने आला होता. १९३२ साली निघालेल्या हरिजन सेवक संघाचे अध्यक्ष होते उद्योगपती घनश्यामदास बिर्ला. आरंभी बाबासाहेब त्याच्या मंडळावर होते. दवाखाने, शाळा यांआधी नागरी हक्कांसाठी झगडा करा, असे त्यांनी त्या नोव्हेंबरात बोटीवरून पत्र लिहून सुचविले. उत्तर आले नाही. ते बाहेर पडले. ज्यांच्यासाठी संघ, त्यांनाच कारभारात जागा का नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की हे आमचे प्रायश्चित्त आहे. दाता आपल्या मनःशांतीसाठी देतो आणि घेणाऱ्याला बोलण्याचा अधिकार ठेवत नाही, तेव्हा असेच घडते.

मग श्रीमंताने दान करूच नये काय? तथागतांच्या काळातील सुदत्त श्रेष्ठी आठवा, ज्याला आपण अनाथपिंडिक म्हणतो. त्याने सुवर्णमुद्रा अंथरून जेतवन विकत घेतले. पण ते दान त्याने कोणा एकाला दिले नाही. चारी दिशांच्या, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या भिक्खूंच्या संघाला दिले. त्यानंतर विहाराचे नियम संघाने केले, सुदत्ताने नाही. दिल्यानंतर दोरी हातात ठेवायची नाही, हे त्या दानाचे मोठेपण.

आपल्या वस्तीतले विहारही असेच पाहा. एका धनिकाच्या देणगीतून उभे राहिले तर पाटीवर त्याचे नाव येते आणि बोलायची चोरी होते. घराघरातून वर्गणी जमली, तर पाच रुपये देणारी विधवासुद्धा सभेत उठून हिशेब मागते. देणगीने इमारत होते, वर्गणीने मालक होतात.

जगाच्या आरोग्यालाही हाच न्याय लावला पाहिजे. कारण देणगी मनावर असते. २०२५ साली अमेरिकन सरकारने परदेशी मदतीची आपली संस्था बंद केली आणि अनेक देशांतील दवाखान्यांची कामे एका फटक्यात अडली. त्याच वर्षी गेट्स यांनी जवळपास सारी संपत्ती देऊन २०४५ अखेर फाउंडेशन बंद करण्याचे जाहीर केले. हे औदार्य मोठे आहे. पण २०४६ साली जन्मणाऱ्या मुलाने कोणाकडे पाहायचे? सभासद राष्ट्रांनी २०२२ साली ठरविले की जागतिक आरोग्य संघटनेतील आपली वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढवून मूळ अर्थसंकल्पाच्या निम्म्यापर्यंत न्यायची. ही बातमी कोणाच्या तोंडी नाही, पण मला ती मोठमोठ्या देणग्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.

तेव्हा बंधुभगिनींनो, उद्या शाळेत किंवा वस्तीत लशीचे शिबिर आले तर मुलांना घरात कोंडू नका. त्यांना घेऊन जा. पण जाताना विचारा: ही लस कोणत्या रोगावरची? आधी कोणाला दिली आहे? त्रास झाल्यास कोणाकडे जायचे? पैसा देणारा उद्या थांबला तर पुढची मात्रा कोण देणार? आणि कागदावर सही स्वतः वाचून करा. वाचता येत नसेल तर आपल्या मुलीकडून वाचून घ्या.

जो खरा दाता आहे त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्याला राग येईल, त्याला औषध द्यायचे नसून आपल्याकडून नमस्कार घ्यायचा आहे, हे ओळखावे.