झाड कोणाचे?



आपल्या अंगणातील झाडाचे काय करावे, हे ठरविण्याचा पूर्ण हक्क आपलाच असतो काय? मला पूर्वी तसे वाटत असे.

आमच्या घरामागे तुतीचे जुने झाड आहे. आमच्याआधी तेथे राहून गेलेल्या कोणी लावलेले. मे महिन्यात तुती पिकल्या की शेजारीणबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जांभळे डाग पडत. त्यांची तक्रार खरीच होती. मी कोकणात नारळाच्या वाडीत वाढलेला; झाडातले आपल्याला कळते, असा गर्व होता. माडाला फांद्याच नसतात, हे मात्र ध्यानात आले नाही! ऐन उन्हाळ्यात स्वस्तातला माणूस बोलावून एका दिवसात झाडाचा शेंडा उतरविला. शेजारीणबाई खूश, मीही खूश.

पुढे त्या कापांवर सरळसोट कोंबांचे झुपके आले. असे कोंब वरवरच्या थरातून फुटतात, म्हणून त्यांची पकड कच्ची असते. मोठ्या कापांतून कूज आत शिरली आणि काही वर्षांनी हिवाळ्यातील पावसाच्या एका रात्री जाड फांदी अंगणात कोसळली. नशीब, खाली कोणी नव्हते.

ॲलेक्स शायगो या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो खोडे चिरून एक गोष्ट दाखवून दिली. आपली जखम भरते, तशी झाडाची भरत नाही. झाड त्या भागाभोवती आतून जणू भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढविते. घाव आत तसाच राहतो. हे वाचून मन खिन्न झाले.

मग शेजाऱ्याने त्रास सोसावा काय? मुळीच नाही. पण वेढा घातलेल्या शहराचीही फळझाडे तोडू नयेत, अशी तोराची आज्ञा आहे (देवारीम, अध्याय २०). युद्धाला जेथे मर्यादा, तेथे डागाळलेल्या चादरीचे काय? येथे मोठे झाड तोडायचे तर परवाना लागतो. म्हणजे ते सर्वस्वी आपले नाही, हे कायद्यासही मान्य आहे.

माझी चूक छाटणी केली ही नव्हे. शेजारीण आणि मी, दोघांनी आपली सोय पाहिली व सारा भार मुक्यावर टाकला, ही चूक. तो भार मालकाने उचलावयास हवा होता.

आता दर हिवाळ्यात, पाने गळाल्यावर, जाणकार माणूस येतो. भिंतीपलीकडे जाणाऱ्या थोड्याच फांद्या काढतो. जड फांदीला आधी खालून काप देतो, म्हणजे साल सोलवटत नाही. आणि फांदीच्या मुळाशी असलेला फुगीर भाग शाबूत ठेवतो. पेन्शनमधून पैसे जातात खरे. शेजारीणबाईंची कपड्यांची दोरीही मी स्वखर्चाने दुसऱ्या बाजूस बांधून दिली. मे महिन्यात तुतीचा पहिला वाडगा त्यांच्याकडे जातो.

झाडातली ढोली मात्र तशीच आहे. ती माझी.

आपणांस काय वाटते, जरूर कळवावे.

— एक निवृत्त शिक्षक