निळी नदी

मुलांशी खोटे बोलू नये, हे लहानपणी मी सुविचाराच्या फळ्यावर वाचले होते. पण मुलांना खोटे रंगवून दाखवावे की नाही, याबद्दल त्या फळ्यावर काही नव्हते. त्यामुळे परवा मोठी पंचाईत झाली.

आमची ही दहिसरला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शिक्षिकेचा नवरा म्हणजे बिनपगारी ड्रॉइंग मास्तर. १६५८ साली कोमेनियस नावाच्या गृहस्थांनी मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले, तेव्हापासून ही पीडा आमच्या जमातीमागे लागली असावी. आमच्या घरातून काडेपेटी, बूच, लग्नपत्रिका काहीही बाहेर जात नाही. ‘राहू दे, साधन होईल!’ माझ्या एका बऱ्या शर्टाचा बाहुला झाला असून तो सध्या दुसरीत बेरजा शिकवतो.

यावेळी तक्ता होता ‘आपली नदी’. तुळशी तलावापाशी उगम, नॅशनल पार्कातले जंगल, मग दौलतनगर, दहिसर गावठाण आणि शेवटी मनोरीची खाडी. सगळे मिळून जेमतेम बारा किलोमीटर. नदी मी झकास निळी रंगवली. हात सैल होताच, म्हणून दोन मासे आणि एक होडीही सोडली.

वर्गात एक चिमुरडी उठली. “बाई, ही कुठली नदी?”

“आपली दहिसर नदी.”

“आपली तर काळी आहे!”

मग मुलांनी नदी रंगवली. बहुतेकांनी तक्ता पाहून निळी. त्या मुलीने काळीकुट्ट, वर तरंगत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.

रात्री वह्या तपासताना हिचा लाल पेन अडला.

मी म्हटले, “काळीच बरोबर. ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले यांवरच मुलांना शिकवलं. पानाचं चित्र नव्हे, पानच!”

“शिंपला हातात देता येतो. ही नदी कशी देऊ?” ही म्हणाली. “आणि काळीला बरोबर म्हटलं, तर नदी अशीच असते असं मुलं धरून चालतील. पुढे कुणाला वाईटसुद्धा वाटायचं नाही.”

“आणि निळीला बरोबर म्हटलं, तर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, असं धरून चालतील.”

दोघेही गप्प झालो. तशी ही नदी नदीच आहे. २६ जुलै २००५ ला तिने ते लोकांच्या घरात शिरून सांगितले होते. पण त्या दिवशीही ती निळी नव्हती.

अखेर हिने तक्ता पुन्हा माझ्यापुढे टाकला. “जंगलात आहे तिथे निळी ठेवा. खाली काळी करा. होडी पुसा. मुलांना विचारते, रंग नेमका कुठं बदलतो? आणि घरून विचारून या म्हणते, आपलं पाणी कुठं जातं?” मग माझ्याकडे वळून, “आपल्या सोसायटीचं कुठं जातं हो?”

“गटारात.”

“आणि गटार?”

मी घाईघाईने ब्रश धुवायला उठलो. काळे पाणी गोल फिरत मोरीत गेले. पुढे ते कुठे गेले, हे तक्त्यात अजून दाखवायचे राहिले आहे.